शिळा हिरवा

मंजिरी घोरपडेनं ऑफिसात एक नियम घालून दिला होता, आणि तो मोडणाऱ्याची ती चारचौघांत हजेरी घ्यायची. नियम असा, की पडद्यावर कुठलाही रंग दाखवायचा तर तो ताजा असला पाहिजे. नवा आकडा आला नसेल तर रंग राखाडी झालाच पाहिजे.

"लाल परवडला," ती म्हणायची. "लाल दिसला की माणूस धावतो तरी. शिळा हिरवा दूध नासवतो."

दूध नासण्याशी तिचा रोजचाच संबंध होता. कराडजवळच्या एका दूध संघाचे सर्व्हर ती सांभाळायची. गावोगावच्या केंद्रांवर दूध थंड ठेवणाऱ्या टाक्या, टाक्यांत तापमापक, आणि त्या सगळ्यांचे आकडे हिच्याकडे. संघाचे टँकर एव्हाना चालकाशिवाय ये-जा करू लागले होते, पण दूध नासायची रीत काही बदलली नव्हती. मागे एकदा एका केंद्राची लाइन दुपारभर तुटली आणि पडद्यावर सकाळचा हिरवा तसाच राहिला. संध्याकाळी टाकी उघडली तर आत दही. तेव्हापासूनचा हा नियम.

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींची एक खोड असते. बाकीचं जग यंत्राशी तोंडी बोलून कामं उरकायला लागलं तरी हे लोक अजून काळ्या खिडकीत हुकूम टाइप करतात. हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. यंत्र काम करतं, आणि पुढच्या हुकमासाठी एक छोटी ओळ छापून वाट बघत बसतं. त्या ओळीला प्रॉम्प्ट म्हणतात. मुळात तिच्यात तुमचं नाव आणि यंत्राचं नाव एवढंच असतं. पण ती हवी तशी सजवता येते. दिवसातून शेकडो वेळा जी ओळ बघायची ती आपल्या मनासारखी नको का? कुणी तिच्यात घड्याळ घालतं, कुणी नको तेवढे रंग ओततं. मंजिरीच्या ओळीत टाक्यांचं तापमान रंगीत दिसायचं, आणि त्यामुळे एंटर दाबलं की अख्खा तालुका एका ओळीत तिच्यापुढे हजर व्हायचा.

गेल्या दिवाळीनंतर त्या ओळीच्या टोकाला आणखी एक ठिपका आला. तो दुधाचा नव्हता. तो तिच्या नवऱ्याचा होता.

रणजित घोरपडे शाळेत खेळाचे शिक्षक होते. मुलींचा खो-खोचा संघ त्यांनी जिल्ह्यात नावारूपाला आणला होता. दिवाळीच्या आधी सराव घेता घेता ते मैदानात कोसळले. हृदयाचा ताल बिघडला होता. वेळेवर दवाखान्यात पोहोचले म्हणून वाचले, आणि डॉक्टरांनी त्यांच्या गळपट्टीच्या हाडाखाली तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं.

हा दाणा तेव्हा नुकताच सगळीकडे मिळू लागला होता. त्याचं काम समजायला सोपं आहे. आपल्याला वाटतं, चांगलं हृदय घड्याळासारखं चालतं. तसं नसतं. धडधाकट हृदयाचे दोन ठोके कधीच अगदी सारख्या अंतरावर पडत नाहीत. श्वास आत घेतला की थोडे जवळ, सोडला की थोडे लांब. ताल बिघडायच्या काही तास आधी मात्र ही मोकळीक कमी होते आणि विजेच्या लाटांमध्ये आलटून-पालटून फरक पडू लागतो, एक लाट अशी, पुढची तशी. खो-खोत खेळाडू एकाआड एक उलट्या तोंडानं बसतात ना, तसं. हा फरक इतका बारीक, की डॉक्टरांच्या कागदी आलेखात सापडेलच असं नाही. पण दाणा महिनोन् महिने त्या एकाच माणसाचं हृदय ऐकत असतो, त्यामुळे त्याला ते कळतं. मग तो शून्य ते शंभरमधला एक आकडा देतो. आकडा जितका मोठा तितका पुढच्या काही तासांत धोका जास्त.

लोकांनी हे लगेच अंगवळणी पाडून घेतलं. भाजीबाजारात भेटलेली माणसं "कसं काय?" ऐवजी "आज किती?" विचारू लागली. स्थळांच्या माहितीपत्रकात उंचीच्या खाली आकडा छापून येऊ लागला.

दाणा बनवणाऱ्या कंपनीचं ॲप आकडा वाढला की रुग्णाच्या मोबाईलवर ओरडायचं. रणजितच्या मोबाईलवर ते इतक्या वेळा उगाच ओरडलं की त्यांनी त्याचं तोंडच बंद करून टाकलं. मंजिरीनं मात्र कंपनीकडून कुटुंबीयांना मिळणारी चावी, म्हणजे आकडा मागायचा परवाना, घेतली, चार हुकमांची स्क्रिप्ट लिहिली, आणि नवरा प्रॉम्प्टमध्ये आणून बसवला. ठीक असेल तर हिरवा, जपायला हवं तर पिवळा, धोका असेल तर लाल. शेजारी बारीक आकडा.

प्रॉम्प्ट एंटर दाबल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे काम नसतानाही ती एंटर दाबू लागली. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची उतरंड लागायची. जेवणाच्या डब्यातून एका हातानं घास, दुसऱ्या हातानं एंटर.

शेजारच्या टेबलावर तबस्सुम नदाफ बसायची. नेटवर्कचं काम तिच्याकडे. ती एकदा म्हणाली, "अगं, लग्न झालं तेव्हा तरी एवढं बघत होतीस का त्यांच्याकडं?"

मंजिरी हसली. पण तिला मनातून भीती वाटत होती, आणि एंटर दाबलं की ती थोडी कमी व्हायची. पुढच्या एंटरपर्यंत.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ठिपका पिवळा होऊ लागला. पाचला सराव असायचा. डॉक्टरांनी रणजितना खुर्चीत बसून शिकवायची परवानगी दिली होती, धावायची नव्हे. तिनं फोन लावला.

"अहो, काय करताय?"

"खुर्चीत बसलोय की. का गं?"

"खुर्चीत बसून धाप लागते?"

"शिट्टी वाजवत होतो," रणजित म्हणाले.

असे फोन वाढले. जिना चढले की फोन, हेडमास्तरांशी वाजलं की फोन. शेवटी एका रात्री जेवताना रणजितनी ताट बाजूला सारलं.

"मंजू, मी शिंकलो तरी तुझा फोन येतो. तुला कोण सांगतं?"

तिनं लॅपटॉप आणून दाखवला. रणजितनी चष्मा लावून त्या काळ्या खिडकीकडे बराच वेळ पाहिलं.

"हा मी?"

"हो."

त्यांनी स्वतः एंटर दाबलं. हिरवा. परत दाबलं. हिरवा.

"बरा दिसतोय की," ते म्हणाले. मग चष्मा काढला. "आणि हे माझ्या शेजारी काय हाय?"

"उंब्रजची टाकी."

"म्हणजे उंब्रजचं दूध आणि मी एका ओळीत. काढ ते. मला दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय माझ्याच घरात."

"मग तुम्ही पळणं सोडा."

"अगं, पोरींना सूर मारून दाखवल्याशिवाय कसं कळंल? तोंडानं सांगून खो-खो येतोय व्हय?" ते थांबले. तिच्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरला. "बरं. मी पळायचं नाही, तू बघायचं नाही. कबूल?"

"कबूल," मंजिरी म्हणाली.

तिनं ठिपका काढला नाही. तिनं तो फक्त बारीक केला.

आणि तिथं ती अडकली. तीन-चार दिवसांनी पाच वाजता ठिपका पुन्हा पिवळा झाला, आणि तिला फोन करता येईना. फोन केला असता तर आपण बघतोय हे उघड झालं असतं. मोबाईल हातात धरून ती एंटर दाबत राहिली. पिवळा, पिवळा, पिवळा. अंधार पडायच्या सुमाराला हिरवा झाला तेव्हा तिचा पदर घामानं ओला होता.

रात्री तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काय विशेष?"

"काही नाही. खुर्ची."

दोघंही जेवत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर एका ताटाला दोन चोर बसले होते.

त्याच आठवड्यात प्रॉम्प्ट रेंगाळू लागला. दाणेवाल्यांची संख्या फुगली होती आणि कंपनीचं उत्तर यायला वेळ लागत होता. दर एंटरला ओळ अडायची. काळ्या खिडकीत काम करणाऱ्या माणसाला वाट बघणं जमत नाही; सासुरवास सोसेल, पण अडणारा प्रॉम्प्ट सोसणार नाही. यावर सगळे करतात तोच उपाय तिनं केला. कंपनीला विचारायचं काम मागच्या मागे चालू ठेवलं, आलेला आकडा एका छोट्या फाइलमध्ये टाकला, आणि प्रॉम्प्टला सांगितलं, तू फाइलमधलं दाखव. ओळ पुन्हा झटकन येऊ लागली.

आता एकच ओळ लिहायची उरली होती, तिचीच लाडकी. फाइलमधला आकडा जुना झाला तर ठिपका राखाडी कर.

तिनं ती लिहिली. दुपारी रणजित शाळेच्या तळघरातल्या सामानाच्या खोलीत गेले असावेत, रेंज गेली, आणि ठिपका राखाडी झाला. टाकी राखाडी झाली की ती केंद्राला फोन करून चार शब्द सुनवायची. पण माणूस राखाडी झाला म्हणजे काय समजायचं? रेंज नाही, की माणूस नाही? मिनिटभरात हिरवा परत आला. तिनं पाणी प्यायलं, आणि ती ओळ पुसून टाकली. नवा आकडा आला नाही तर मागचाच रंग राहू दे. तिला राखाडी बघवत नव्हता, एवढंच त्याचं कारण.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. पाच वाजले तरी ठिपका हिरवा. अठरा आकडा, हिरवा. तिला वाटलं, नवऱ्यानं शब्द पाळला. आपण पाळला नाही याची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी तिनं घरी कुळथाचे शेंगोळे केले. रणजितनी दोनदा मागून घेतले.

"फोन बंद झाले तुझे," ते म्हणाले. "बरं वाटतंय."

"मलाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. त्या दिवशी दुपार कलली होती, आणि तबस्सुम चहाचा कप घेऊन मंजिरीच्या मागे येऊन उभी राहिली.

"तुझा नवरा लई शिस्तीचा गं."

"का?"

"कवाबी बघावं तर अठराच. आमच्या अब्बांचा आकडा तर नुसता नाचत असतोय. नमाजाला एक, बिर्याणीला एक."

मंजिरी हसायला गेली आणि हसू ओठांवरच राहिलं. पडद्यावर सकाळपासूनची उतरंड होती. अठरा, अठरा, अठरा. हृदयाचे दोन ठोके सारखे पडत नाहीत. आकडा आठवडाभर सारखा कसा राहील?

तिनं फाइलची तारीख पाहिली. फाइलला गेल्या आठवड्यातल्या सोमवारनंतर हातच लागला नव्हता. मागच्या मागे कंपनीला विचारणारी स्क्रिप्ट दर मिनिटाला विचारत होती आणि दर मिनिटाला नकार घेऊन परत येत होती. कंपनीनं सुरक्षेसाठी सगळ्या कुटुंबीयांच्या चाव्या बदलल्या होत्या. तसा मेलही पाठवला होता, जाहिरातींच्या ढिगात तो पडून होता.

ज्या हिरव्यावर तिनं शेंगोळे केले तो शिळा होता.

"काय झालं?" तबस्सुमनं विचारलं. मंजिरीनं पडद्याकडे बोट दाखवलं. तबस्सुमला एका नजरेत कळलं, कारण हजेरी तिचीही घेतली गेली होती.

मंजिरीनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पाच वाजायला आले होते. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नवी चावी मागायची तर रुग्णाच्या मोबाईलवर सहा आकडे जाणार, आणि रुग्णानं ते सांगितले तरच चावी मिळणार. म्हणजे मागितली की त्यांना कळणार. कबूल म्हणून फसवलं हे कळणार. तिचा हात एंटरवर थांबला. दिवसभर हजारदा दाबलेली ती कळ तिला दाबवेना.

"दाब," तबस्सुम म्हणाली. "भांडाय माणूस तर पायजे ना."

तिनं दाबलं.

थोड्याच वेळात मोबाईल वाजला. पलीकडे मुलींचा कल्ला, शिट्टी, आणि मोठमोठे श्वास.

"मंजू, काय आलंय हे माझ्या मोबाईलवर? कुटुंबीयांनी तुमची माहिती मागितली आहे म्हणे."

"अहो, ते सहा आकडे सांगा मला."

"तू अजून बघतीस."

"हो. बघते. बघायचे. आकडे सांगा."

ती रागाची वाट बघत होती. पण रणजित दमल्या आवाजात हसले.

"मला ठाऊक हाय की. तुझी खोड जाणार व्हय? म्हणून तर मी निवांत पळतोय." त्यांनी श्वास घेतला. "काल छातीत जरा धडधडलं. म्हटलं, काही असतं तर मंजूचा फोन आला असता. नाही आला. म्हणजे ठीक हाय."

आठवडाभर ती त्यांच्या हिरव्यावर विसंबली होती आणि ते तिच्या गप्प बसण्यावर.

"अहो, माझ्याकडे काही येतच नव्हतं," ती म्हणाली. "मला काही दिसत नव्हतं हो. आकडे सांगा."

मग रणजितनी एकेक आकडा सांगितला. मध्ये थांबून, श्वास घेऊन. तिनं टाइप केले. एंटर.

लाल. एक्क्याण्णव.

"खाली बसा."

"पोरी बघतायत—"

"बसा म्हणते ना."

"बसलो," रणजित म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पहिल्या सांगण्यात ते कधी बसले नव्हते. त्या एका शब्दानं ती लाल ठिपक्यापेक्षाही जास्त घाबरली. तबस्सुम दुसऱ्या फोनवर ॲम्ब्युलन्सला शाळेचा पत्ता सांगत होती.

"पवार मॅडम आहेत का तिथं? त्यांना हाक मारा. आणि माझ्याशी बोलत राहा. मैदानात कोण कोण बसलंय ते सांगा."

"श्रावणी माने. तोंड पूर्वेला." श्वास. "मग गौसिया. पश्चिमेला. मग... कुंभारांची तेजल."

"पूर्वेला. पुढं?"

"पुढं... पुढं ती..."

"अहो, पुढं?"

मोबाईल मातीत पडल्याचा आवाज आला. मुली गप्प झाल्या. मग पवार मॅडम, रणजितच्या जोडीनं संघ बघणाऱ्या, धापा टाकत बोलल्या. "मंजिरीताई, सर आडवे झालेत. बोलत नाहीत."

"व्हरांड्यात झटका द्यायचं यंत्र आहे. पिवळी पेटी. धावा."

मंजिरीनं एंटर दाबलं. लाल, एक्क्याण्णव. पुन्हा दाबलं. लाल, एक्क्याण्णव. एंटर, एंटर, एंटर. एक्क्याण्णव. आणि तिच्या ध्यानात आलं, की हा लाल आत्ताचा आहे की मघाचा हे तिला सांगता येत नाही. दाणा अजून ऐकतोय, की त्याला ऐकायला काही उरलं नाही? हे सांगणारी एकच ओळ होती आणि ती तिनं आपल्या हातानं पुसली होती. बघवत नाही म्हणून.

तिनं लॅपटॉप मिटला. मोबाईल कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला. धावणारी पावलं. पेटीची कडी. मग पेटीतला तो सावकाश बोलणारा आवाज, "सर्वांनी लांब व्हावे." कुणीतरी रडत होतं. एक दणका. पुन्हा तोच आवाज, "छातीवर दाब देणे सुरू ठेवा." पवार मॅडम मोजत होत्या. मंजिरीही ओठांतल्या ओठांत मोजू लागली, जणू तिच्या मोजण्यावर सगळं अवलंबून होतं. तबस्सुमनं तिचा खांदा धरून ठेवला होता. कुणाच्याही देवाला सोडलं नाही दोघींनी.

दुसरा दणका. आणि मग, बऱ्याच वेळानं, खोकला. कोरडा, वैतागलेला, तिच्या ओळखीचा.

मंजिरी टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

रणजितच्या छातीत आता दाण्याच्या जोडीला दुसरं, मोठं यंत्र आहे. ताल बिघडला तर ते आतूनच झटका देतं. तसं झालं तर जगतील, नाही झालं तरी जगतील, असं डॉक्टर म्हणतात, आणि सोबत जपायला सांगतात. दवाखान्यातून घरी आल्यावर मंजिरी लॅपटॉप घेऊन त्यांच्यापाशी बसली आणि तिनं ती पुसलेली ओळ त्यांच्यासमोर परत लिहिली. मग मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"माहिती द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी मागणार नाही."

रणजितनी विचार केला आणि दिली नाही. ठिपका राखाडी झाला. मंजिरीनं तो तसाच ठेवला, उंब्रजच्या टाकीशेजारी.

आता पाच वाजले की ती एंटर दाबते. राखाडी. रणजित रोज त्या वेळी स्वतःहून फोन करतात, ही नवी रीत. परवाही केला.

"खुर्चीत बसलोय. पोरींचा कल्ला ऐकू येतोय ना?"

"येतोय," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "आणि काल?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. राखाडी. तो काहीच सांगत नव्हता, आणि ते खरं होतं.

"काल चार पावलं पळालो," रणजित म्हणाले. "तेजल चुकत होती. तुला सांगणार नव्हतो. आता सांगतोय."

खूप काही तोंडापर्यंत आलं, ते तिनं गिळलं.

"बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली. "घरी लवकर या."